भीती चालेल, भीड नको

प्रश्न : माझं वय 52, विट्याला राहते. मुलगी आणि जावई पुण्यात नोकरीला आहेत. त्यांनी डिसेंबरात मालवणची सहल ठरवलीय आणि आम्हा चौघांसाठी स्कूबाचे, म्हणजे पाठीवर हवेचा सिलिंडर लावून पाण्याखाली जायचे, पैसेही भरून टाकलेत. मला पोहता येत नाही. आठ वर्षांची असताना माहेरच्या विहिरीत पडले होते, चुलत्यांनी वर काढलं. अजूनही नाकात पाणी गेलं की जीव घाबराघुबरा होतो. रक्तदाबाची एक गोळी चालू आहे, लांबचा चष्मा आहे. आमचे हे म्हणतात, या वयात नसते उद्योग कशाला. खरं सांगू का, मला ते मासे बघायचे आहेत. मुलीने दाखवलेले व्हिडिओ पाहून पाहून ती इच्छा वाढलीय. पण खाली गेल्यावर घाबरले आणि जावयासमोर हसं झालं तर? आणि मुलीने पैसे भरलेत, आता नको कसं म्हणू?

उत्तर :

ताई,

तुमच्या पत्रातली दोन वाक्यं मी पुन्हा पुन्हा वाचली. 'मला ते मासे बघायचे आहेत' हे एक, आणि 'मुलीने पैसे भरलेत, आता नको कसं म्हणू' हे दुसरं. पहिल्या वाक्यासाठी पाण्यात उतरणार असाल तर मी पूर्णपणे तुमच्या बाजूने आहे. दुसऱ्यासाठी उतरणार असाल तर होडीतच बसून राहा. गेले पैसे तर जाऊ देत.

तुम्ही भीतीबद्दल विचारलंय, पण तुमच्या भीतीची मला फारशी काळजी वाटत नाही. आठव्या वर्षी विहिरीत पडलेल्या माणसाला पाण्याची भीती वाटणारच. भ्यालेला माणूस कान देऊन ऐकतो, दोनदा विचारतो, पुढे पुढे करत नाही. पाण्याखाली अशीच माणसं बरी. काळजी वाटते ती 'जावयासमोर हसं होईल' याची. ही भीती नाही, ही भीड आहे. भीड भिकेची बहीण म्हणतात, पण पाण्याखाली ती त्याहून महागात पडते. मला पडली आहे.

मी मूळची देवगडची. घरातून समुद्राची गाज ऐकू यायची, पण आमच्या वेळी मुलींना पोहायला कुणी शिकवलं नाही. किनाऱ्यावर जन्म काढलेल्या कितीतरी बायका गुडघाभर पाण्यापलीकडे कधी गेलेल्या नाहीत, त्यातलीच मी. 41व्या वर्षी मैत्रिणींबरोबर मालवणला स्कूबाला गेले. होडीवर पाचेक मिनिटांत सगळं सांगून झालं. पाण्यात उतरले, दोन-तीन मीटर खाली गेले आणि उजव्या कानात सुई खुपसावी तशी कळ आली. सोबतच्या प्रशिक्षक मुलाने बोटांनी विचारलं, ठीक आहे ना? समोर कॅमेरा चालू होता, वर मैत्रिणी आपापल्या पाळीची वाट बघत होत्या. मी 'ठीक आहे' अशी खूण केली आणि पुढची दहा मिनिटं ती कळ सोसत राहिले. आजूबाजूला मासे असतील, मला एकही आठवत नाही. परत आल्यावर कानाच्या डॉक्टरांनी तपासलं, तर पडद्यामागे रक्त साकळलेलं होतं. तीन आठवडे त्या कानाला सगळे आवाज उशीखालून आल्यासारखे ऐकू येत होते.

त्या मुलाला मी कधीच दोष दिला नाही. त्याने विचारलं होतं. खोटं मी बोलले होते.

म्हणून कानापासूनच सुरुवात करते. तुम्ही विट्याहून कोल्हापूरमार्गे याल, म्हणजे फोंडा घाट किंवा गगनबावडा उतरून. घाट उतरताना कानाला दडे बसतात आणि आवंढा गिळला की 'टक्' होऊन कान मोकळे होतात, ते आठवा. खाली उतरताना हवेचा दाब वाढतो आणि कानाच्या पडद्याला आत ढकलतो. आवंढा गिळला की घशाकडून कानात जाणारी बारीक नळी उघडते, आतला-बाहेरचा दाब सारखा होतो. पाण्यात हेच होतं, फक्त फार झपाट्याने. अख्खा घाट उतरून जेवढा दाब वाढतो, तेवढा पाण्यात एक मीटरही खाली न जाता वाढतो. 10 मीटरवर तर तो जमिनीवरच्या दुप्पट झालेला असतो.

यावर उपाय सोपा आहे, पण तो दुखायला लागायच्या आधी करायचा असतो. डोळे आणि नाक झाकणाऱ्या मास्कच्या नाकाच्या भागावरून दोन बोटांनी नाक चिमटायचं, तोंड मिटलेलंच ठेवायचं आणि नाकातून हलकेच हवा सोडू पाहायची. कानात बारीकसा आवाज होतो, मोकळं वाटतं. दर अर्ध्या मीटरला हे करत खाली जायचं. एखादा कान सुटला नाही तर तिथेच थांबायचं, हात कानाकडे नेऊन खूण करायची, थोडं वर यायचं आणि पुन्हा प्रयत्न करायचा. तरीही सुटला नाही तर त्या दिवसापुरतं ते संपलं, वर यायचं. जोर लावून फुंकायचं नाही. घरी आजपासून दिवसातून दोन-चारदा हलक्या हाताने करून बघा, आणि घाट उतरताना मुद्दाम करा. सहलीच्या दिवशी सर्दी असेल तर पाण्यात जाऊ नका. नाक मोकळं करणारी गोळी घेऊन तर अजिबातच नको. गोळीचा असर पाण्याखाली ओसरला तर वर येताना कानात हवा अडकून बसते, आणि ते दुखणं खाली जाताना होणाऱ्या दुखण्यापेक्षा कठीण, कारण वर तर यावंच लागतं.

आता विहिरीबद्दल. तुम्ही पडलात तेव्हा तुमच्याकडे हवा नव्हती, म्हणून पाणी आणि गुदमरणं यांची तुमच्या मनात कायमची गाठ बसली. स्कूबात हवा तुमच्या तोंडाशी असते. फ्रान्समध्ये 1943 मध्ये जाक कुस्तो आणि एमिल गान्यां या दोघांनी जी झडप तयार केली, तिच्याच तत्त्वावर आजची साधनं चालतात. तुम्ही श्वास ओढलात की ती उघडते, आजूबाजूच्या पाण्याच्या दाबाइतक्याच दाबाची हवा देते, आणि ओढणं थांबलं की मिटते. पाठीवरच्या सिलिंडरला सगळे 'ऑक्सिजनची टाकी' म्हणतात, पण त्यात आपण इथे घेतो तीच साधी हवा दाबून भरलेली असते. नेहमीच्या भरलेल्या सिलिंडरमध्ये दोन हजार लिटरच्या वर हवा मावते. पाच-सहा मीटरवर वीस मिनिटं राहिलात आणि घाबरून भराभर श्वास घेतलात, तरी ती सगळी संपणं कठीण. हवा संपेल ही धास्ती मनातून काढून टाका.

मात्र एक नियम असा आहे की तो मोडायचा नाहीच. श्वास रोखायचा नाही. आपल्याकडे पाण्याशी जे जे शिकवतात त्याच्या हा अगदी उलट. विहिरीत सूर मारायचा तर आधी छाती भरून घे, दम धर, असंच आपण ऐकत आलो. स्कूबात दम धरून वर येणं हेच सगळ्यांत धोक्याचं. 10 मीटरवर भरलेला फुगा पृष्ठभागावर येईतो दुप्पट होतो. फुप्फुसांतली हवा तशीच फुगते. तुम्ही श्वास घेत-सोडत असाल तर ती आपोआप बाहेर पडत राहते. रोखून धरलात तर तिला जायला वाट नसते आणि फुप्फुस फाटू शकतं. याला फार खोलीही लागत नाही, पुरुषभर पाण्यातूनसुद्धा छाती भरून झटकन वर येणं धोक्याचं असतं. 'उथळच आहे, काय होतंय' असं कुणी म्हणालं तर हे लक्षात ठेवा.

तुम्ही सकाळी प्राणायाम करत असाल तर ती सवय इथे कामी येईल, फक्त कुंभक सोडून. तोंडाने सावकाश घ्या आणि घेतल्यापेक्षा जास्त वेळ लावून सोडा. घाबरलेला माणूस श्वास ओढत राहतो, सोडायचं विसरतो, आणि मग छाती भरलेली असूनही त्याला हवा पुरत नाही असं वाटतं. पाण्याखाली जीव घाबरला तर हातपाय मारायचे नाहीत, वर पळायचं नाही. आहे तिथे थांबा, सोबतच्या माणसाचा हात घट्ट धरा, त्याच्या डोळ्यांकडे बघा आणि लांब श्वास सोडा. बुडबुड्यांचा आवाज ऐका. तो येतोय तोवर तुमचा श्वास चालू आहे.

नाकात पाणी जाण्याची तुमची जी भीती आहे, तिची तयारी घरी करता येते आणि ती जरूर करा. मुलीला सांगून एक चांगला मास्क आणि स्नॉर्कलची नळी मागवून घ्या. पहिले चार दिवस मास्क लावून नुसतं खुर्चीत बसा, टीव्ही बघत दहा मिनिटं फक्त तोंडाने श्वास घ्या. नाक बंद असण्याची घालमेल कोरड्यातच होऊन जाऊ दे. मग मोठ्या टबात पाणी घेऊन, नळी तोंडात धरून, चेहरा पाण्यात ठेवून श्वास घेत राहा. घरचे बघतील, बघू देत. नंतर सांगलीला किंवा कऱ्हाडला पोहण्याच्या तलावावर जा आणि कमरेएवढ्या पाण्यात, शिकवणाऱ्या बाई शेजारी असताना, हेच करा. मास्कमध्ये थोडं पाणी शिरलं तर ते काढायलाही तिथेच शिका. मास्कची वरची कड कपाळावर दाबून धरायची आणि नाकातून हवा सोडायची, पाणी खालून निघून जातं. हे एकदा स्वतःच्या हाताने जमलं की विहिरीतलं ते पाणी थोडं मागे सरेल. पूर्ण जाईल असं मी म्हणणार नाही.

पोहता न येणं ही पहिल्या डुबकीला अडचण नाही. पर्यटकांसाठीच्या या ओळखीच्या डुबकीत प्रशिक्षक तुम्हाला धरून नेतो, धरून आणतो. पाडी या स्कूबा प्रशिक्षण संस्थेच्या जगभर चालणाऱ्या नियमांनुसार अशा डुबकीसाठी वयाची किमान अट 10 वर्षांची आहे, खोलीची मर्यादा 12 मीटर आहे, आणि पोहण्याची अट नाही. पुढे कधी रीतसर कोर्स करावासा वाटला तर मात्र 200 मीटर पोहून आणि 10 मिनिटं तरंगून दाखवावं लागतं. मी 43व्या वर्षी पोहायला शिकले आणि मग अंदमानात स्वराज द्वीपला, म्हणजे जुन्या हॅवलॉकला, तो कोर्स केला. तेव्हा तुमच्या यजमानांचं 'या वयात' मी फारसं मनावर घेणार नाही.

त्यांच्या मनातली तब्येतीची काळजी मात्र घेते. रक्तदाबाची गोळी चालू असताना पाण्यात उतरायचं की नाही, हे मी, तुमची मुलगी किंवा होडीवरचा मुलगा यांपैकी कुणीच ठरवायचं नाही. तुमच्या डॉक्टरांकडे जा आणि स्कूबा करणार आहे असं स्पष्ट सांगा. शरीर पाण्यात बुडालं की पायांतलं रक्त छातीकडे सरकतं, हृदयावरचा भार वाढतो, त्यात भीतीने धडधड वाढलेली असते. रक्तदाब नीट आटोक्यात असेल तर डॉक्टर परवानगी देऊ शकतील, कदाचित आधी ईसीजी किंवा चालण्याची चाचणी करायला सांगतील. करा. गोळी कोणती आहे तेही विचारा, कारण काही गोळ्यांमुळे धाप लवकर लागते. मनानेच गोळी बंद करू नका किंवा वेळ बदलू नका. दमा, फिट येणं, हृदयाचा आजार, कानाची शस्त्रक्रिया, यातलं काहीही कधी झालं असेल तर तेही लपवू नका. कुठल्याही चांगल्या ठिकाणी हे विचारणारा फॉर्म भरून घेतात. घाईत सगळीकडे 'नाही'वर खुणा करत सुटणारी मंडळी मी बघितली आहेत, आणि तीही भीडच असते, 'आपल्यामुळे सगळ्यांचा खोळंबा नको' ही. यजमानांनाही फॉर्म खराच भरायला लावा. (मिशी भरघोस असेल तर तिच्यातून मास्कमध्ये पाणी झिरपतं, हेही त्यांना आत्ताच सांगून ठेवा.)

चष्मा लावून मास्क लावता येत नाही, काड्यांमधून पाणी आत येतं. मऊ कॉन्टॅक्ट लेन्स चालतात. काही ठिकाणी नंबरचे मास्कही मिळतात, फोन करून विचारा. नंबर थोडाच असेल तर काहीच नसलं तरी चालून जाईल, कारण पाण्याखाली मास्कमधून वस्तू एक तृतीयांशाने मोठ्या आणि आहेत त्याहून जवळ दिसतात. मी तर पहिल्यांदा एका माशाला हात लावायला गेले आणि हात त्याच्या कितीतरी अलीकडे राहिला.

आता कुणाबरोबर जायचं ते. मुलीने पैसे भरलेत म्हणता, तर त्याच लोकांना आता तिलाच फोन करायला लावा. होडीवर चढण्याआधी किंवा उथळ पाण्यात शिकवणार का, आणि किती वेळ? पाण्यात माणशी एक प्रशिक्षक असणार का, का एकाकडे तिघंचौघं? त्याच्याकडे कुठल्या संस्थेचं प्रमाणपत्र आहे? सिलिंडर पाठीवर असेल की होडीवरून लांब नळीने हवा देणार? होडीत आपत्कालीन ऑक्सिजन आहे का? हे विचारल्यावर पलीकडचा माणूस वैतागला तर ते पैसे सोडून द्या. 'काय होवचा नाय' असं प्रेमाने सांगणारे आमच्याकडे खूप आहेत, आणि ते मनापासून सांगतात. पण यातल्या एकाही प्रश्नाचं ते उत्तर नाही. तारकर्लीला पर्यटन महामंडळाचं स्कूबा प्रशिक्षण केंद्र आहे. तिथे आधी प्रशिक्षणाच्या तलावात सराव करता येईल का, याचीही चौकशी करा. तुमच्यासारख्या विहिरीतून आलेल्या माणसाने पहिला श्वास तळ दिसणाऱ्या पाण्यात घेतलेला बरा.

होडीविषयी जरा जास्त सांगते, कारण लोकांचं सगळं लक्ष पाण्याखालच्या धोक्याकडे असतं. मे 2022 मध्ये तारकर्लीजवळ स्कूबा करून परतणाऱ्या पर्यटकांची होडी किनाऱ्याजवळ आल्यावर उलटली आणि दोघांचा जीव गेला. पाण्याखालून सुखरूप आलेली माणसं होती ती. म्हणून लाइफ जॅकेट होडीत पाय ठेवण्याआधी घालायचं, बंद लावायचे, आणि डुबकीची साधनं चढवेपर्यंत काढायचं नाही. डुबकी झाल्यावर ओल्या अंगाने ते पुन्हा घालायचा कंटाळा येतो, तरीही घालायचं. होडीत माणसं जास्त वाटली, जॅकेट कमी वाटली, तर चढू नका. तिथे जावई काय म्हणेल याचा विचार मनात आला तर माझा कान आठवा.

दिवस निवडायचा असेल तर कॅलेंडर उघडून तिथी बघा. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाणाची भरती असते, पाण्याला ओढ जास्त आणि गढूळपणाही जास्त. सप्तमी-अष्टमीच्या सुमाराची भांगाची भरती शांत असते. डिसेंबर महिना चांगला निवडलाय मुलीने. पावसाळ्यात हे सगळं बंद असतं आणि त्यानंतर पाणी निवळायलाही वेळ लागतो. सकाळची वेळ घ्या, दुपारनंतर वारा उठतो.

आदल्या रात्री गाडीने जागरण करत येऊन थेट होडीत बसू नका. एक रात्र मालवणात नीट झोपा. जावईबापूंना सांगा की आदल्या रात्री आणि डुबकीच्या आधी दारू नको. सकाळी हलकं खा. उपाशी पोटी होडी जास्त लागते. मालवणी थाळी नंतर. मंगळसूत्र, बांगड्या, चमकी हॉटेलवरच काढून ठेवा. चमकी मास्कखाली रुतते, तर केसांची एखादी बट जरी मास्कच्या कडेखाली आली तरी पाणी आत येतं. म्हणून घट्ट वेणी घाला. आणि डुबकी झाल्यावर त्याच दिवशी घाट चढून परतायची घाई नको. दाबाखाली असताना हवेतला नायट्रोजन शरीरात विरघळतो, तो सावकाश बाहेर पडावा लागतो. एवढ्या कमी खोलीला आणि वेळेला त्याचा धोका थोडा आहे, पण रात्र खालीच काढली तर तोही राहत नाही. विमानाने जाणाऱ्यांनी एका डुबकीनंतर किमान 12 तास आणि जास्त डुबक्या झाल्या असतील तर किमान 18 तास थांबायचं असतं.

खुणा आता घरीच शिका, चौघांनीही. आपल्याकडे अंगठा वर केला की 'मस्त!' पाण्याखाली त्याचा अर्थ 'मला वर न्या.' अंगठा आणि तर्जनी जोडून गोल केला की 'ठीक आहे.' हात आडवा, बोटं पसरून, तराजूसारखा हलवला की 'काहीतरी बिघडलंय', आणि मग जिथे बिघडलंय तिथे बोट दाखवायचं. तुमच्यासाठी सगळ्यांत मोलाची खूण तो अंगठा. ती करायला कारण लागत नाही, समजावून सांगावं लागत नाही. बरं वाटत नाही, नको वाटतंय, विहीर आठवली, एवढं पुरतं. पाण्यात उतरण्याआधी सोबतच्या प्रशिक्षकाला दोन वाक्यं सांगा: 'मी लहानपणी बुडता बुडता वाचलेय. मी अंगठा दाखवला की लगेच, पण सावकाश, वर आणायचं.' जाणता माणूस हे ऐकून हसणार नाही. तो तुम्हाला आधी दोरीला धरून पृष्ठभागावरच चेहरा बुडवून दहा-वीस श्वास घ्यायला लावेल. तिथेच जीव शांत झाला नाही तर खाली जाऊ नका. 'एकदा खाली गेलं की बरं वाटतं' हे काहींच्या बाबतीत खरं असतं, पण त्यावर जुगार खेळायचं तुम्हाला कारण नाही.

आणि मासे. व्हिडिओत दिसतं तसं निळंशार पाणी मालवणला बहुतेकदा मिळत नाही, ते अंदमान-लक्षद्वीपला. इथे चार-पाच मीटरवरचं दिसलं तरी चांगला दिवस समजायचा. रंगही थोडे विझलेले दिसतात, कारण पाणी आधी तांबडा रंग शोषून घेतं. पण सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासच्या त्या खडकांवर प्रवाळ आहे. पिवळसर अंगावर काळे पट्टे असलेल्या माशांचे थवे हाताच्या अंतरावरून जातात, खडकाच्या कपारीत एखादा गोबरा तोंड उघडं ठेवून बसलेला असतो. 1664 मध्ये शिवाजी महाराजांनी कुरटे बेटावर ज्या किल्ल्याची पायाभरणी केली, तो डोक्यावर आणि तुम्ही त्याच्या पायथ्याशी श्वास घेताय. दुसऱ्यांदा गेले तेव्हा मला हे सगळं दिसलं, कारण त्या वेळी कान दुखत नव्हता.

हा भाग 1987 पासून सागरी अभयारण्य आहे. मासे जवळ यावेत म्हणून पाव किंवा बिस्किटं देऊ केली तर घेऊ नका. ते त्यांचं अन्न नाही. आणि आधारासाठी प्रवाळावर हात किंवा पाय टेकू नका, दगडासारखं दिसलं तरी ते जिवंत आहे आणि हळूहळू वाढतं. पायाखाली आलेला एक फांदा परत उगवायला वर्षं लागतात. फोटोसाठी प्रवाळावर उभी राहिलेली माणसं पाहिली की मला फार वाईट वाटतं. तुम्हाला तोल सांभाळता येत नसेल तर प्रशिक्षकाच्या हाताला धरा, तो त्यासाठीच आहे.

उरली मुलगी. तिला आजच फोन करा, जाण्याच्या आदल्या रात्री नको. असं म्हणा, 'मला यायचंय, मासे बघायचे आहेत. पण मी डॉक्टरांना विचारणार, तलावावर सराव करणार, आणि होडीत बसल्यावरसुद्धा नको वाटलं तर उतरणार नाही. तेव्हा मला कुणी आग्रह करायचा नाही आणि हसायचंही नाही.' शेवटचं वाक्य जावयाच्या कानावरही घालायला सांगा. तुम्हाला वाटतं तितकं अवघड नाही ते. बहुतेक त्याच्याही पोटात गोळा आला असेल, आणि सासूबाईंनी आधी कबूल केलं म्हणून त्यालाही कबूल करता येईल. डॉक्टरांनी नको म्हटलं किंवा तलावातच जीव रमला नाही, तर तुमच्या वाटचे पैसे परत मिळतात का किंवा त्याऐवजी नुसतं स्नॉर्कलिंग करता येईल का, हे तिने आत्ताच विचारून ठेवावं. लाइफ जॅकेट घालून, दोरीला धरून, पाण्यावर पालथं तरंगत खाली बघितलं तरी ते पट्टेवाले मासे दिसतात.

मास्क मागवताना मुलीला सांगा, नाकावर बसणारा मऊ सिलिकॉनचा घ्यायचा. पट्टा न लावता चेहऱ्यावर ठेवायचा, नाकाने हलका श्वास ओढायचा, हात सोडल्यावर तो तिथेच चिकटून राहिला तर तुमच्या चेहऱ्याचा आहे. डिसेंबरला अजून वेळ आहे, पण डॉक्टरांची वेळ या आठवड्यातच घ्या.